मालदीव, बाली की अंदमान? आधी धाकट्याचं बघा

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकचे. मुलगी साडेपाच वर्षांची, सीनियर केजीत. मुलगा मार्चअखेर दोन वर्षांचा होईल. दिवाळीच्या सुटीत कुठल्या तरी बेटावर जायचं घाटतंय. नवऱ्याला मालदीव हवंय, ती पाण्यावरची खोली. नणंद तिच्या कॉलेजातल्या मुलांना घेऊन बालीला जाऊन आली, ती म्हणते बालीच करा. सासूबाई सहासष्ट वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास आहे, पण त्यांना एकदा अंदमानला जाऊन सावरकरांची कोठडी बघायची आहे. बजेट तीन लाख, ताणलं तर साडेतीन. पासपोर्ट फक्त आम्हा दोघांचे आहेत. मला खरं तर भीतीच वाटते. मुलगा बाहेरचं काही खात नाही, त्याला गाडी लागते. अलिबागला जाऊन यावं, असं माझं मत, पण ते कुणी ऐकत नाही. शिवाय सगळे म्हणतात, एवढ्या लहान मुलांना काय आठवणार! काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात चार मोठ्या माणसांची चार मतं आहेत आणि ज्याच्यावर सहल तरणार की बुडणार, तो पार शेवटी येतो, तोही तक्रार म्हणून. बाहेरचं खात नाही, गाडी लागते. मी तिथूनच सुरुवात करते.

निळं पाणी आणि पांढरी वाळू तुम्ही लिहिलेल्या सगळ्याच बेटांवर आहे. तुमच्या मुलीला बादली, फावडं आणि ओली वाळू मिळाली की ते मालदीव आहे की मुरुड, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. लहान मुलं बरोबर असताना फरक पडतो तो भलत्याच गोष्टींनी. विमानातून उतरल्यावर खोलीत पाठ टेकेपर्यंत आणखी किती वाहनं बदलायची? किनाऱ्यापासून वीस-पंचवीस पावलं आत गेलं तर पाणी पोटरीपर्यंत की छातीपर्यंत? आणि रात्री अकरा वाजता ताप चढला तर डॉक्टर किती लांब? जाहिरातीतल्या फोटोत यातलं काहीही दिसत नाही.

आता मालदीव. तुमच्या नवऱ्याला जी पाण्यावरची खोली हवी आहे, तिच्या सज्जातून पायऱ्या थेट समुद्रात उतरतात आणि कित्येक ठिकाणी त्या सज्जाला कठडाच नसतो. म्हणूनच बरीच रिसॉर्ट्स लहान मुलं असलेल्या कुटुंबाला ती खोली देत नाहीत, किनाऱ्यावरची देतात. ज्या खोलीसाठी एवढा खर्च करायचा, तीच मिळणार नाही. आणि मिळाली, तर दोन वर्षांच्या, दार उघडं दिसलं की सुटणाऱ्या पोराच्या मागे तुम्ही दिवसभर धावणार. मालेच्या विमानतळावरून पुढे स्पीडबोट किंवा सीप्लेन, त्याचं भाडं माणशी आणि डॉलरमध्ये. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान संध्याकाळी पोचलं तर ती रात्र मालेत काढा. एकदा रिसॉर्टवर गेलात की त्या बेटावर दुसरं काहीच नाही. पोरगा तिथलं जेवला नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध-केळी आणू म्हणाल, तर कोपराच नाही. नवऱ्याला सांगा, मालदीव रद्द नाही, लग्नाच्या एखाद्या वाढदिवसाला दोघंच जा. मुलं आजीकडे.

बालीबद्दल नणंदबाई खोटं बोलत नाहीत, पण त्यांची मुलं कॉलेजात आहेत. त्या वयात बाली झकासच. तुमच्यासाठी मात्र लांबचं विमान, विमानतळाबाहेर पडल्यावर तासन् तास हलत नाही अशी वाहतूक आणि दिवाळीच्या सुमाराला सुरू होणारा तिथला पाऊस. कुटा किनाऱ्याच्या लाटा सर्फिंग करणाऱ्यांसाठी. लहान मुलांना सानूर किंवा नुसा दुआ बरं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. २००८ पासून बालीत रेबीज आहे, आणि देवळांजवळची माकडं तर हातातला खाऊ, डोळ्यांवरचा चष्मा ओढून नेण्यात पटाईत. तुमची मुलगी माकडाला केळं द्यायला जाणार नाही, याची खात्री तुम्ही देऊ शकता? मी नाही देऊ शकत.

परदेशीच जायचं असतं तर मी मॉरिशस म्हटलं असतं, ज्याचं नाव तुमच्या घरात कुणी घेतलंच नाही. जवळजवळ सगळ्या बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे आतलं पाणी एखाद्या तळ्यासारखं निवांत. विमानतळावरून गाडी थेट हॉटेलच्या दारात, बोट नाही. रस्त्यावर दालपुरी मिळते, चण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, जी आपल्या मुलांच्या घशाखाली सहज उतरते. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्यांत मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांमुळे आजही तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. सासूबाई खूश झाल्या असत्या. पण मुंबईहून सहा तासांहून जास्त उड्डाण, तीन नवे पासपोर्ट आणि बजेटचा मोठा लचका विमानभाड्यातच. मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला की जा, दिवाळीतच जा, तेव्हा तिथली हवा छान असते. जानेवारी ते मार्च तिथे चक्रीवादळांचा ऐन मोसम, तो टाळा.

लक्षद्वीपचं सरोवर याहूनही सुंदर आणि शांत, पण प्रवेशाचा परवाना, तिथल्या आगत्ती बेटाच्या विमानातल्या मोजक्या जागा आणि राहण्याच्या मोजक्या सोयी. एवढी जुळवाजुळव पोरं जरा मोठी झाल्यावर करा.

तर माझं मत सासूबाईंच्या बाजूने. अंदमान. पण दिवाळीत नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातला वादळांचा काळ. अंदमानला नैऋत्येचाही पाऊस मिळतो आणि ईशान्येचाही, त्यामुळे दिवाळीत तिथे छत्री लागतेच. पावसाचं एक वेळ चालेल, बोटी बंद होतात ते चालत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये असंच झालं. समुद्र खवळला, बोटी थांबल्या आणि हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉक आणि नील या तिथल्या बेटांवर अडकले. शेवटी त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली. मे महिन्यात पुन्हा पाऊस आणि उकाडा. समुद्र शांत असतो तो जानेवारी ते एप्रिल. त्यातही नाताळ-नव्या वर्षाची गर्दी ओसरलेली असते आणि ऑफिसात मार्चएंड सुरू व्हायचा असतो, तो फेब्रुवारी धरा. सीनियर केजीचा एक आठवडा बुडाला तर जगबुडी होत नाही. पहिलीत गेली की हे स्वातंत्र्य संपलं. आणखी एक फायदा : फेब्रुवारीत मुलगा दोन वर्षांच्या आतला, म्हणजे विमानात मांडीवर, नाममात्र भाड्यात. परतीच्या दिवशीही दोन पूर्ण झालेले नसावेत, एवढं तारखा धरताना बघा. पासपोर्टची भानगडच नाही.

आता आराखडा, आणि इथे टूरवाल्यांशी माझं पटत नाही. त्यांच्या पॅकेजमध्ये पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, बाराटांग, नॉर्थ बे सगळं कोंबलेलं असतं. नावं बदलली आहेत, तीही ध्यानात ठेवा. २०१८ पासून हॅवलॉक हे स्वराज द्वीप, नील हे शहीद द्वीप आणि रॉस हे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटांवर, पाट्यांवर दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका. तुम्ही पोर्ट ब्लेअर आणि नील, दोनच ठिकाणं करा. हॅवलॉक गाळा.

लोक म्हणतील, हॅवलॉक गाळलं तर गेलात कशाला? राधानगरचा किनारा खरंच देखणा आहे, पण तो बघायचा आणि पोहणाऱ्यांचा किनारा. लाटा येतात, तळ उतरता आहे. पोरांना घेऊन तुम्ही काठावर हात धरून उभ्या राहाल आणि फोटो काढून परत याल. शिवाय हॅवलॉक घातलं की बोटीचे तीन प्रवास होतात. नुसतं नील केलं तर दोन. गाडी लागणाऱ्या मुलाच्या आईला या एका प्रवासाची किंमत मी सांगायला नको.

नील लहानसं बेट, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांत जाता येतं. किनाऱ्यांची नावं ऐकून सासूबाईंना गंमत वाटेल : भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे वसवलं. बेटावर भाजीपाला भरपूर पिकतो, त्यामुळे ताजी भाजी, डाळ, भात, मासळी सगळं मिळतं. धक्क्याला लागूनच भरतपूरचा किनारा, तिथे पाणी लांबवर उथळ. एकच गोम आहे. दुपारी दिवसाच्या सहलीवाले उतरतात, काचेच्या तळाच्या बोटी आणि वॉटर स्कूटर सुरू होतात, आणि मग तिथे जत्रा भरते. म्हणून सकाळी लवकर जा. अंदमान आपल्या पूर्वेला इतकं दूर, पण घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे फेब्रुवारीत सहाच्या आधीच उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सूर्य बुडतो. मोठ्यांना याची चिडचिड होते, लहान मुलांना हे वेळापत्रक अगदी सोयीचं. साडेसहाला किनाऱ्यावर, नऊ-साडेनऊला परत, दुपारभर खोलीत झोप, साडेतीननंतर पुन्हा वाळू, साडेसातला दोघंही गार. तुम्हाला गप्पा मारायला रात्र मोकळी.

भरती-ओहोटीच्या वेळा हॉटेलात रोज विचारा. ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि प्रवाळाचे दगड उघडे पडतात. तेव्हा पोहता येत नाही, पण खडकांत राहिलेल्या वीतभर पाण्याच्या डबक्यांत तुमची मुलगी दोन तास रमेल. वाळूत पडलेला शंख उचलायला हात पुढे करावा आणि तो शंख पाय काढून चालायला लागावा, ही गंमत तिथे पावलोपावली आहे. आत खेकडा राहत असतो. तिला घरूनच सांगून ठेवा, बघायचं, मोजायचं, परत ठेवायचं. शंख आणि प्रवाळ बेटाबाहेर नेता येत नाहीत, विमानतळावर बॅगेतून काढून घेतात, आणि तिथे रडारड नको. पायांत मागे पट्टा असलेल्या रबरी चपला सगळ्यांनाच हव्यात, प्रवाळाने कापलेलं लवकर भरत नाही. लक्ष्मणपूरला दगडाची नैसर्गिक कमान आहे, ती बघायला ओहोटीत निसरड्या खडकांवरून चालावं लागतं. सासूबाईंनी जाऊ नये आणि मुलाला कडेवर घेऊन तुम्हीही.

पाण्याबद्दल थोडं कडक बोलते. हवा भरायचे दंडावरचे फुगे आणि बदकाची रिंग घरच्या टबात ठीक, समुद्रात नको. वारा जमिनीकडून असला की रिंग बघता बघता आत जाते. लहान मापाची लाइफ जॅकेट बोटवाल्यांकडे असतीलच असं नाही, इथूनच दोन घेऊन जा. अंदमानात खाड्यांत आणि तिवरांत मगरी आहेत, २०१० मध्ये हॅवलॉकला एका परदेशी पर्यटक महिलेचा जीव गेला होता. घाबरून सहल रद्द करण्यासारखं काही नाही, पण मगरीची पाटी असेल तिथे पाय बुडवायचा नाही, आणि अंधार पडल्यावर कुठेच नाही. यात नवऱ्याचं ‘काही होत नाही गं’ अजिबात चालवून घेऊ नका. एका वेळी एकच मोठं माणूस मुलांवर नजर ठेवणार, आणि त्याच्या हातात मोबाइल नसणार.

वाळूतल्या बारीक माश्या चावल्या की आठ-आठ दिवस खाज जात नाही. पायांना खोबरेल चोपडा, संध्याकाळी पातळ सुती पायजमे घाला, ओल्या वाळूवर थेट न बसवता चटई टाका.

बोटीचं बघू. पोर्ट ब्लेअरहून नीलला जायला साधारण दीड-दोन तास. सरकारी बोटी फिनिक्स बेच्या धक्क्यावरून सुटतात, खासगी हॅडोच्या. तिकिटावर काय लिहिलंय ते नीट वाचा, दोन्हीत अंतर आहे. खासगी बोटी बंद काचांच्या, एसीच्या, वेगवान. सकाळची पहिली बोट घ्या, तेव्हा समुद्र सहसा नरम असतो. जागा मागच्या बाजूला आणि मधोमध, तिथे हेलकावे कमी. मुलाला उपाशीही ठेवू नका आणि दुधाने तट्ट भरूही नका. चुरमुरे, खाखरा, कोरडं बिस्कीट पुरे. उलटीच्या गोळीचा चतकोर तुकडा मोडून देण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. त्यातली काही औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत. जाण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, वजन करून औषध आणि मात्रा लिहून घ्या, लसीकरणाचं कार्डही तेव्हाच तपासून घ्या.

आणि इथे तुमचं अलिबाग कामाला येतं. पावसाळ्यानंतर गेटवेहून मांडव्याची कॅटामरान सुरू झाली की एका शनिवारी सगळे जाऊन या. तासाभराचा प्रवास, रंगीत तालीम. मुलाने तो निभावला तर अंदमानची तिकिटं काढा. बोट फारच लागली तर नील सोडा आणि पोर्ट ब्लेअरलाच राहून आसपास फिरा. तीही सहल वाईट होणार नाही.

खाण्याची चिंता मला सगळ्यात कमी वाटते, कारण ती तुमच्या हातातली आहे. तांदूळ-मुगाची डाळ भाजून, जाडसर दळून, जिरं-हिंग घालून खिचडीचं पीठ करून न्या. सोबत नाचणीचं सत्त्व, मेतकूट, तुपाची छोटी बरणी. खोलीत किटली असेल तर सत्त्व आणि पिठाची पेज होतेच, आणि मऊ भात कुठल्याही बंगाली खानावळीत सांगितला की करून देतात. मुलगा सहा दिवस मेतकूट-भातावर राहिला तर काही बिघडत नाही. पाणी उकळलेलं किंवा बंद बाटलीचं. ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर आणि तापाचं नेहमीचं औषध हातातल्या पिशवीत. नीलला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला. म्हणून नीलवर असताना ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही तर वाट न बघता बोट पकडा.

सासूबाईंची कोठडी पोर्ट ब्लेअरच्या पहिल्या सकाळी ठेवा, ऊन चढायच्या आत. सेल्युलर जेलच्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. त्यांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला, आणि जिने दगडी. गुडघ्यांचा पट्टा बांधून, दर मजल्यावर टेकत चढू द्या, मागून कुणी घाई करायची नाही. नवऱ्याने आईबरोबर जावं, तुम्ही मुलांना घेऊन खाली अंगणात थांबा. तुमचा नंबर नंतर. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम मुलांना झेपणार नाही, तोही सासूबाई आणि नवरा, दोघांनीच बघावा. रॉसवर हरणं आणि वडाच्या मुळांनी गिळलेल्या इंग्रजांच्या इमारती आहेत, तिथे बॅटरीची गाडी मिळते, सगळ्यांना जमेल. बाराटांगच्या गुहांसाठी पहाटे उठून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याबरोबर जावं लागतं. कोणी कितीही आग्रह केला तरी नाही म्हणा.

‘काय आठवणार’ म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. मुलाला काही आठवणार नाही, खरं आहे. त्याला वर्षभरापूर्वी भरवलेला भातही आठवत नाही. मुलीला थोडंफार आठवेल आणि सासूबाईंना सगळं. दर तीन वर्षांनी बेटावर जाता येईल असं त्यांचं वय नाही, हे तुम्ही घरात मोठ्याने म्हणून बघा, मतं भराभर बदलतील.

बुकिंगचा क्रम सांगते. आधी विमान. मुंबईहून थेट मिळालं तर दोन पैसे जास्त द्या. नाहीतर चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला बदलावं लागेल, तिथे मध्ये निदान अडीच तास हवेत. पहाटेचं विमान असेल तर नाशिकहून रात्री निघून जागरण करू नका, आदल्या दिवशी मुंबईला मुक्कामाला या. मग बोटीची तिकिटं, मग हॉटेलं. दोन रात्री पोर्ट ब्लेअर, तीन नील आणि शेवटची रात्र परत पोर्ट ब्लेअर. ही शेवटची रात्र कापू नका. बोट रद्द झाली तर विमान चुकू नये म्हणून ती आहे. हॉटेलला फोन करून विचारा : तळमजल्यावरच्या दोन शेजारशेजारच्या खोल्या आहेत का, जनरेटर रात्रभर चालतो का, किनाऱ्यापर्यंत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागतो का. नीलवर नेटवर्कचा भरवसा नाही, रोख पैसे जवळ ठेवा. बोटीला सगळ्यांचं ओळखपत्र लागतं, मुलांचीही आधार कार्डं काढून ठेवा. आणि धाकट्याचा जन्मदाखला बॅगेच्या तळाशी घालू नका. मांडीवरच्या तिकिटासाठी विमानतळावर वयाचा पुरावा मागतात, जातानाही आणि येतानाही.